भेंडीतला तारा

संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या घरात पाठांतर सुरू होतं. नात अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. आणि आमच्या वाशिम-अकोल्याकडे अकरावीला विज्ञान घेतलेलं मूल म्हणजे 'नीट'च्या दावणीला बांधलेलं मूल. पूर्वी या वेळी घराघरांतून शुभंकरोती आणि पावकी-निमकी ऐकू यायची. आता 'ॲस्टेरियस, एकायनस, अँटेडॉन, कुकुमेरिया, ओफियुरा' असं काहीतरी ऐकू येतं. चाल मात्र तीच राहिली आहे.

परवा ती मध्येच अडली आणि पुस्तक घेऊन माझ्या खुर्चीपाशी आली.

"आबाजी, कुकुमेरिया म्हणजे समुद्री काकडी आणि ओफियुरा म्हणजे भंगुरतारा. हे दोघं एका खानदानातले कसे काय?"

"पुस्तकात काय दिलं आहे?"

"अंगावर काटे असतात म्हणून कंटकचर्मी, असं दिलं. पण काकडीच्या चित्राला तर काटेच नाहीत. सरांना विचारलं तर म्हणाले, कारण विचारत बसू नका, पाठ करून टाका. जोड्या लावामध्ये येऊन राहिलं ते."

सरांचा मला राग आला नाही. शंभर मुलांच्या वर्गात अभ्यासक्रम संपवायचा तर त्यांना तरी दुसरा मार्ग काय? पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. कारण हाच प्रश्न पंचेचाळीस वर्षांपूर्वी मलाही पडला होता, आणि तेव्हा मी तो कुणाला विचारला नव्हता.

मी अकोल्याला प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो. पुढे बँकेत चिकटलो आणि प्राण्यांचा संबंध फक्त म्हशींच्या कर्जापुरता उरला. पण कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. भिंतीला लागून काचेची कपाटं, कपाटांत फॉर्मॅलिनच्या बरण्या, बरण्यांवर पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशी आम्ही वऱ्हाडातली मुलं त्या बरण्यांतून समुद्र शिकत होतो. समुद्री काकडीच्या बरणीत एक जुनं, सुकलेलं वांगं ठेवावं तसं काहीतरी होतं. भंगुरताऱ्याच्या बरणीत एक चकती तरंगत असायची आणि तिचे हात तुटून तळाशी पडलेले. प्रात्यक्षिक परीक्षेत बरणी पाहून प्राणी ओळखायचा असे. वरच्या वर्गातल्या मुलांनी आम्हाला खूण सांगून ठेवली होती : बुडाशी तुकडे दिसले की बेधडक भंगुरतारा लिहायचं. आम्ही लिहायचो आणि पास व्हायचो. तो तुटतो का, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. बरणी जुनी, म्हणून तुटला असेल, इतकंच.

तो बरणी जुनी म्हणून तुटत नाही, हे मला फार पुढे कळलं. बँकेत बढती आणि बदली बहुधा एकाच लिफाफ्यातून येतात. माझी बढतीची बदली वाशिमहून थेट सिंधुदुर्गात, मालवणच्या बाजूच्या एका गावी झाली. १९८७ मध्ये तिथल्या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरचा तुकडा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. त्याची पाटी मी बसमधून पाहिली आणि मला हसू आलं होतं. अभयारण्य म्हणजे वाघ-बिबट्याचं, पाण्याचं कसलं अभयारण्य? आमच्या शाखेचा शिपाई दर्यावर वाढलेला माणूस. एका अमावास्येला, पाणी फार मागे गेलेलं असताना, तो मला खडपावर घेऊन गेला. खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ किनारा. त्यानं एक दगड हलकेच उलटला. खाली ओल्या अंधारात बोटभर लांबीचे, पट्ट्यापट्ट्यांचे पाच साप एका गाठीत बांधल्यासारखं काहीतरी वळवळलं. मी अधाशासारखा हात घातला.

"सायबानू, हात लाव नकात. मोडात तां."

सांगेपर्यंत उशीर झाला होता. एक हात माझ्या बोटांत राहिला आणि तसाच वळवळत होता. उरलेल्या चार हातांचा धनी पुढच्या फटीत कधी शिरला, ते दिसलंसुद्धा नाही. तारामीन कसा संथ, नळीसारख्या शेकडो पायांवर इंचाइंचाने सरकतो. हा हातांनीच वल्हवत पळतो. ओफियुरा या ग्रीक नावाचा अर्थ सापाची शेपटी असा आहे. ते नाव किती चपखल आहे, हे त्या दिवशी पटलं.

त्याच फेरीत वाळूच्या एका डबक्यात काळपट, वीतभर लांबीचं काहीतरी पडलेलं दिसलं. मी ते टाकाऊ रबराचं समजलो. शिपायानं मान हलवली. मी बोट लावलं. आधी मऊ होतं, मग बोटाखालीच ते घट्ट झालं, सुकत चाललेल्या चामड्यासारखं. हीच ती बरणीतली काकडी. एक हात लावताच तुटून पळालेला आणि दुसरी हात लावताच आवळून बसलेली. यांचं नातं लावायचं तर कादंबरीकारालाही घाम फुटेल. आम्ही कथा-कादंबऱ्या लिहिणारे लोक नातं दाखवायचं तर नाक सारखं आहे, बोलण्याची ढब सारखी आहे, असं काहीतरी लिहून मोकळे होतो. इथे नाकच नव्हतं.

नातीला उत्तर द्यायचं म्हणून मी गेले दोन आठवडे पुस्तकं काढून बसलो. पण खरी मदत झाली ती स्वयंपाकघरातून. मी आमच्या सौभाग्यवतींकडून एक काकडी आणि एक भेंडी मागून घेतली. ("खायला की लिहायला?" असं त्यांनी विचारलं.) काकडी आडवी कापली. आत बियांचे तीन भाग दिसले. मग भेंडी आडवी कापली. चकतीत पाच कोनांचा सुरेख तारा.

"हे बघ," मी नातीला म्हटलं, "समुद्रातल्या प्राण्याला काकडी म्हणणाऱ्यानं आधी भेंडी कापून पाहायला हवी होती."

समुद्री काकडी आडवी कापली तर आत लांबीच्या दिशेने गेलेले स्नायूंचे पाच पट्टे दिसतात. बाहेर बारीक नळीपायांच्या पाच रांगा असतात. म्हणजे लांबलचक अंगात तारा दडलेला आहे, भेंडीत असतो तसा. आता मनातल्या मनात भेंडीची एकच पातळ चकती घ्या, तिचे पाच कोन ओढून लांब करा, तोंड जमिनीकडे करून ठेवा. भंगुरतारा झाला. तीच चकती उलट वरच्या दिशेनं खेचून खांबासारखी उंच करा आणि मग तो खांब आडवा पाडा. जे तोंड जमिनीकडे होतं ते आता पुढे आलं, आणि काकडी झाली. तिच्या तोंडाभोवती झिरमिळ्या दिसतात, त्या रूप बदललेले नळीपायच आहेत. ताऱ्याचे नळीपाय वेगळ्या कामाला लागले : त्यांना चिकटण्याच्या चकत्या नाहीत, ते चाचपायला आणि घास पुढे सरकवायला वापरले जातात. पण दोघांच्याही पायांमागची यंत्रणा एक आहे. अंगभर पाण्याच्या नळ्यांचं जाळं, आणि त्या पाण्याच्या दाबावर चालणारे पाय. ही पाण्याची नळयोजना प्राणिसृष्टीत या एका खानदानाकडेच आहे.

आणि काटे? ते काकडीकडेही आहेत, पण मोडीत निघालेले. भंगुरताऱ्याच्या हातात चुन्याचे मणके एकामागोमाग ओवलेले असतात, आपल्या पाठीच्या कण्यासारखे दिसणारे. काकडीत त्या सांगाड्याची पूड झाली आहे. कातडीत विखुरलेले चुन्याचे सूक्ष्म कण उरले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर काही बटणांसारखे, काही छोट्या टेबलांसारखे, काही जातींत चक्क जहाजाच्या नांगरासारखे. वाडा पडला, पण विटांवरचा शिक्का ओळखता येतो, तसं.

पण मला या सगळ्या पुराव्यांत सर्वांत पटलेला पुरावा वेगळाच आहे. तो मी खडपावर हातात धरला होता आणि मला कळला नव्हता.

भंगुरताऱ्याचा हात तुटतो तो आपण ओढल्यामुळे नव्हे. तो स्वतः सोडतो. आपल्या अंगातले स्नायू आणि हाडं जोडणारे जे चिवट धागे असतात, ज्यांच्या जोरावर आपले गुडघे जागेवर राहतात (माझे अलीकडे तेवढेसे राहत नाहीत), तसले धागे या प्राण्यांतही असतात. फरक हा की आपले धागे जसे आहेत तसेच राहतात; फार तर वयानं आखडतात. या खानदानातले प्राणी मज्जातंतूंच्या हुकमावर तेच धागे काही क्षणांत दगडासारखे घट्ट किंवा लोण्यासारखे सैल करू शकतात. भंगुरतारा एका सांध्यापाशी धागे सैल करतो आणि हात गळून पडतो. शत्रू वळवळणाऱ्या हातात गुंततो, धनी निसटतो, आणि काही आठवड्या-महिन्यांत नवा हात उगवतो. समुद्री काकडी तेच धागे आवळून कडक होते. किंवा अगदीच जिवावर बेतलं तर आतले सैल करून आपली आतडी बाहेर फेकून देते. शत्रूच्या तोंडी आतडी, आणि काकडी जिवंत! तीही ती पुन्हा वाढवते. म्हणजे एकाचं तुटणं आणि दुसरीचं आवळणं किंवा ओकणं ही एकच विद्या आहे. चेहऱ्यांत शोधून न सापडलेलं साम्य संकटाच्या वेळी दोघं काय करतात त्यात सापडलं. समुद्री काकडीच्या या कातडीवरून कल्पना घेऊन अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये ओलं झाल्यावर मऊ पडणारा पदार्थ तयार केला. मेंदूत बसवायची तार आत शिरताना कडक हवी आणि शिरल्यावर मऊ हवी, यासाठी.

नातीनं विचारलं, "मग हे दोघं सख्खे का?"

सख्खे नव्हेत, चुलत. आणि या चुलतपणाचा दावा शंभर वर्षांहून जास्त काळ चालला, हे ऐकून मला माझी नोकरी आठवली. खातेदार वारस न नेमता वारला की बँकेच्या दारात नातेवाईक उभे राहतात. आम्ही चेहरे पाहत नसू. कागद पाहत असू. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, तहसीलचा वारस दाखला. शास्त्रज्ञांनीही तेच केलं. या प्राण्यांची पिल्लं आईबापांसारखी अजिबात दिसत नाहीत. मोहरीच्या दाण्याहून लहान, काचेसारखी पारदर्शक, पाण्यात तरंगणारी. आणि गंमत म्हणजे त्या वयात त्यांच्यात पाच वगैरे काही नसतं. डावी बाजू आणि उजवी बाजू असते, तुमच्या-आमच्यासारखी. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञानं १८४० च्या दशकात उत्तर समुद्राच्या पाण्यातून असली पिल्लं गाळून काढली आणि त्यांची चित्रं केली. ही कुणाची लेकरं, हे सुरुवातीला कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढे जेव्हा कळलं तेव्हा घोळ वाढला. भंगुरताऱ्याचं पिल्लू लांब काड्यांच्या तिवईसारखं. तसंच हुबेहूब समुद्री साळूचं. काकडीचं पिल्लू मात्र तारामीनाच्या पिल्लाच्या वळणाचं. जन्माच्या दाखल्यावरून निकाल द्यायचा तर भंगुरतारा आणि साळू भाऊ-भाऊ ठरतात. अंगाच्या ठेवणीवरून द्यायचा तर भंगुरतारा तारामीनाचा सख्खा. दोन्ही बाजूंनी विद्वान उभे होते. अखेर जनुकांच्या मोठ्या तुलना झाल्या आणि २०१४ मध्ये निकाल बऱ्यापैकी स्वच्छ लागला : तारामीन आणि भंगुरतारा ही एक सख्खी जोडी, समुद्री साळू आणि समुद्री काकडी ही दुसरी, आणि समुद्रकमळ सगळ्यांत आधी वेगळं निघालेलं. म्हणजे आपली ही दोन पात्रं दोन भावांची मुलं झाली. वाटणी झाली त्याला ४५ कोटींहून जास्त वर्षं लोटली. जन्माचा दाखला इतका फसवा निघालेला मी पहिल्यांदाच पाहिला. नोकरीत असतो तर हे वाचून झोप उडाली असती.

या भाऊबंदकीत एक लांबचं घर आपलंही आहे. गर्भ वाढताना जे पहिलं भोक पडतं ते बहुतेक साध्या प्राण्यांत तोंडाकडे जातं. या प्राण्यांत आणि आपल्यात मात्र ते दुसऱ्या टोकाचं दार होतं, तोंड मागून उघडतं. म्हणून कोळंबी, झुरळ किंवा गोगलगाय यांच्यापेक्षा समुद्री काकडी आपल्या नात्यात जवळची. हे ऐकून घरातल्या काही मंडळींनी नाकं मुरडली. मी आणखी एक सांगितलं नाही, ते इथे सांगतो : काकडी श्वासही त्या दुसऱ्या दारानेच घेते, आणि काही बारीक मासे दिवसा तिच्या त्याच दारातून आत जाऊन मुक्काम करतात. भंगुरताऱ्याला तर ते दारच नाही. जे खाल्लं त्याचा उरलेला भाग तोंडातूनच परत. चुलत भावंडांच्या घरांत रीतीभाती इतक्या वेगळ्या असतात, हे आपल्यालाही नवीन नाही.

नातीचा पुढचा प्रश्न भूगोलाचा होता. "लोणारचं पाणीपण खारं आहे. तिथं असतील का हे?"

लोणार आमच्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर. उल्का पडून झालेलं ते सरोवर, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा आम्ही मुद्दाम पाहायला गेलो होतो. प्रश्न उत्तम होता. उत्तर नाही असं आहे, आणि कारण त्या नळयोजनेतच आहे. या प्राण्यांच्या नळ्यांत समुद्राचंच पाणी खेळतं. आतल्या क्षाराचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा वेगळं राखायची सोय त्यांच्याकडे नाही. लोणारचं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी अल्कधर्मी, धुण्याच्या सोड्यासारखं. नदीचं गोड पाणीही तसंच निरुपयोगी. या खानदानात आज सुमारे ७,००० जाती आहेत, पण एकही जमिनीवर आली नाही, एकही गोड्या नदी-तळ्यात वसली नाही. समुद्र सोडून कुठे न जाणारं एवढं मोठं घराणं दुसरं क्वचितच असेल.

आणि तरी वाशिमचा आणि त्यांचा काहीच संबंध नाही, असं म्हणायला माझं मन घेत नाही. वाशिमजवळच्या काटा गावाच्या शिवारात काटेपूर्णा निघते. ती उत्तरेला अकोल्याकडे उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडून पैनगंगा जाते. ती वर्धेतून प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. जूनमध्ये सोयाबीनच्या वावरातून जी काळी माती गढूळ पाण्याबरोबर उतरते, तिच्यातली बरीच धरणांत अडते. जी पुढे जाते ती अखेर समुद्राच्या तळाशी बसते. त्या तळावर मशागत कोण करतं? हीच दोन भावंडं.

समुद्री काकडी तळाची वाळू आणि गाळ गिळते, त्यातलं खाण्याजोगं काढून घेते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. शेतकऱ्याला गांडूळ सांगावं लागत नाही. हे समुद्राचं गांडूळ आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर हेरॉन बेटापाशी संशोधकांनी हिशेब मांडला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या एका प्रवाळ-पट्ट्यावरच्या एकाच जातीच्या काकड्या वर्षाला ६०,००० टनांहून जास्त गाळ पोटातून काढतात. भंगुरतारे दुसऱ्या पद्धतीनं काम करतात. ते अर्धे गाळात पुरून, हात वर काढून, पाण्यातून खाली येणारे कण टिपतात. युरोपच्या किनाऱ्याजवळ काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये हजाराहून जास्त भंगुरतारे हातात हात अडकवून बसलेले आढळले आहेत. डोळे नाहीत, मेंदू नाही. तरी काही जाती अंगाच्या कातडीनेच उजेडातली काळी आकृती ओळखतात, असं २०२० मधल्या प्रयोगात दिसलं.

काम दोघांचंही तळ राखण्याचं. पण नशीब दोघांचं सारखं नाही, आणि हे लिहायला बसलो ते खरं तर यासाठी. भंगुरताऱ्याला बाजारात किंमत नाही. त्याच्यात खाण्यासारखं काही नाही, वाळवायला गेलं तर तुकडे होतात. समुद्री काकडीला मात्र चिनी लोक समुद्रातलं जिनसेंग मानतात. आतडी काढून, उकळून, वाळवून ती विकली जाते. हाँगकाँगच्या बाजारात उत्तम जातीच्या वाळवलेल्या काकडीला किलोला शेकडो डॉलर मिळतात. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत हा धंदा कित्येक शतकं चालत आला. तिथे तिला 'कडल अट्टै', म्हणजे समुद्रातली जळू म्हणतात. पाणबुडे श्वास रोखून खाली जात आणि हाताने उचलून आणत. काकडी पळत नाही, चावत नाही. भाव वाढला तशी ती संपत चालली. १९८२ मध्ये सरकारनं तीन इंचांपेक्षा लहान माल निर्यात करायला बंदी केली. ती पुरली नाही. २००१ मध्ये सगळ्याच समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेल्या. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत.

मी आयुष्यभर तारण पाहिलं. ज्याला भाव आहे तेच तारण. पण भाव हेच संकट होतं, हे मी गावात रस्त्याकाठच्या जमिनीच्या बाबतीतही पाहिलं आहे. दोन चुलतभावांपैकी ज्याचं वावर हमरस्त्याला लागलं त्याचं आधी गेलं. ज्याचं नाल्याकाठी होतं तो आजही पेरतो आहे. भंगुरताऱ्याचं वावर नाल्याकाठी आहे, एवढंच.

बंदी बरोबर की चूक? माझं मत असं की बंदी राहावी. पण नुसती बंदी म्हणजे अर्धं काम. पलीकडे श्रीलंकेत हाच धंदा परवाना घेऊन कायदेशीर चालतो, त्यामुळे आपल्याकडचा माल रात्रीच्या होडीनं तिकडे जातो आणि पकडला जातो तो बहुधा होडी हाकणारा मजूर. खरा व्यापारी क्वचितच. पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारणाऱ्या माणसाला एका अधिसूचनेनं शिकारी ठरवलं आणि त्याच्या हाती दुसरं काही दिलं नाही, तर तो काय करील? आणि दुसरं काही नव्हतंच, असंही नाही. १९८८ मध्ये तुतिकोरीनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत डॉ. डी. बी. जेम्स यांनी वाळूतल्या काकडीची पिल्लं टाकीत वाढवून दाखवली होती. भारतात पहिल्यांदाच. ती पिल्लं समुद्रात सोडायची, काहींची शेती मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे द्यायची, आणि जंगली काकडीला हात लावू द्यायचा नाही, अशी वाट निघू शकते. बंदीलाच पंचवीस वर्षं होत आली. शेतकऱ्याला बियाणं न देता पेरणी बंद करायला सांगितल्यासारखं हे झालं आहे. लक्षद्वीपने २०२० मध्ये चेरियापाणीच्या प्रवाळांभोवतीचा २३९ चौरस किलोमीटरचा समुद्र केवळ समुद्री काकडीसाठी राखीव केला. असं क्षेत्र जगात पहिलंच म्हणतात. चांगली गोष्ट आहे. पण राखणाऱ्याला आपण काय राखतो आहोत हे ठाऊक हवं, आणि त्यासाठी शाळेच्या पुस्तकातल्या त्या एका ओळीखाली आणखी चार ओळी लागतात. एवढी जागा पुस्तकात सहज निघेल.

गेल्या वर्षी कामानिमित्त अकोल्याला गेलो होतो. ओळखीच्या एका प्राध्यापकांना विचारलं, त्या बरण्या आहेत का अजून? बऱ्याच फुटल्या, काही टाकल्या, म्हणाले. आता पडद्यावर चित्र दाखवतो. चित्र बरणीपेक्षा चांगलं असतं, हे मला मान्य आहे. चित्रातला भंगुरतारा पाचही हात शाबूत ठेवून असतो. मला मात्र बुडाशी पडलेले ते तुकडे पुन्हा एकदा पाहायचे होते.

नातीच्या शिकवणीत गेल्या रविवारी चाचणी झाली. जोड्या लावा आलं. ओफियुरासमोर भंगुरतारा, कुकुमेरियासमोर समुद्री काकडी. प्रश्नाला चार गुण. हिला चार मिळाले, पाठ करून आलेल्या मैत्रिणीलाही चारच. घरी आल्यावर तिनं पंचांग मागून घेतलं आणि दिवाळीच्या सुटीनंतरची अमावास्या कधी येते ते पाहून ठेवलं. मालवणला जायचं तर गाडी अकोल्याहून धरायची की हिंगोलीहून, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.